रक्ताचा कर्करोग आणि संशोधनाला दिलेले दान

धायरीहून नऱ्हेमार्गे नवले पुलापाशी आले की महामार्ग लागतो. सातारा-कोल्हापूरकडून मुंबईला जाणाऱ्या गाड्या येथे प्रवासी घेतात. पहाटे उभ्या असलेल्या मंडळींत नोकरदार असतात, व्यापारी असतात, आणि अधूनमधून एखादे असे कुटुंब असते, ज्याच्या सामानात कपड्यांपेक्षा कागद जास्त असतात. रक्ततपासणीचे अहवाल, अस्थिमज्जेच्या तपासणीचा निष्कर्ष, विमा कंपनीशी झालेला पत्रव्यवहार आणि सर्वांत वर रुग्णालयाने दिलेले खर्चाचे अंदाजपत्रक. ही मंडळी परळच्या टाटा रुग्णालयात किंवा त्याच संस्थेच्या खारघर येथील केंद्रात निघालेली असतात.

त्याआधी त्यांची एक फेरी बँकेत झालेली असते. मुदतठेव मुदतीपूर्वी मोडायची, सोन्यावर कर्ज काढायचे, वीस वर्षांच्या हप्त्यांवर घेतलेल्या सदनिकेवर वाढीव कर्ज मिळेल का ते विचारायचे. कारण विचारले तर उत्तर एका शब्दाचे असते, ‘दवाखाना’. म्हणून रक्ताच्या कर्करोगाविषयी लिहिताना त्याच्या विज्ञानाबरोबर त्याच्या हिशेबाविषयीही लिहावे लागते. या रोगाच्या उपचारात जी प्रगती झाली, तिच्या मुळाशी प्रयोगशाळेतील दीर्घ काम आहे, आणि त्या कामासाठी कोणीतरी आधी पैसा दिलेला आहे. या इतिहासाचा बराच मोठा भाग आपल्या महाराष्ट्रात घडला आहे.

रक्त तयार होते ते हाडांच्या पोकळीतील मगजात, म्हणजे अस्थिमज्जेत. तेथे मूळ पेशींपासून तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि रक्त गोठविणाऱ्या प्लेटलेट बनतात. या कारखान्यात बिघाड होऊन एखाद्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी अपक्व अवस्थेतच बेसुमार वाढू लागल्या, की बाकीच्या पेशींना जागा उरत नाही. हा ल्युकेमिया. जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ फिर्खो यांनी १८४७ मध्ये हे नाव रूढ केले. ‘पांढरे रक्त’ असा त्याचा अर्थ. लसीका ग्रंथींत हाच प्रकार झाला तर लिम्फोमा, आणि प्रतिपिंडे तयार करणाऱ्या पेशींत झाला तर मल्टिपल मायलोमा. लक्षणे फसवी असतात. न उतरणारा ताप, दम लागणे, अंगावर काळेनिळे डाग, हिरड्यांतून रक्त. कोपऱ्यावरच्या प्रयोगशाळेतील साधी रक्तगणना बहुधा पहिला इशारा देते, आणि ती काही शे रुपयांत होते. स्तनात किंवा आतड्यात गाठ असेल तर शस्त्रक्रिया करून ती काढता येते. रक्त मात्र सर्वांगात फिरत असते, तेथे सुरी चालत नाही. म्हणूनच या रोगात औषधांच्या संशोधनाला इतके महत्त्व आले.

१९३१ मध्ये सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई यांचे ल्युकेमियाने निधन झाले. पैशाला तोटा नव्हता, परदेशातील उत्तम वैद्यकीय मदत उपलब्ध होती. उपचार मात्र जगातच नव्हता. दोराबजींनी पत्नीच्या नावाने न्यास स्थापन केला आणि त्याच्या उत्पन्नाचा मोठा भाग रक्ताच्या रोगांवरील संशोधनासाठी, तेही जगभरच्या शास्त्रज्ञांसाठी, राखून ठेवला. १९३२ पासून सुरू झालेला हा लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट आजही ल्युकेमियाच्या संशोधकांना शिष्यवृत्त्या देतो. परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. रुग्णालय सर्वांना दिसते, त्यामुळे त्याचे नाव सर्वतोमुखी आहे. न्यासाची माहिती फार थोड्यांना आहे. आपल्याकडील दानाची रीतही अशीच आहे. रुग्णालयातील खाटेवर, डायलिसिसच्या यंत्रावर, रुग्णवाहिकेवर देणाऱ्याचे नाव कोरले जाते आणि ते योग्यच आहे. पण एखाद्या संशोधकाच्या पाच वर्षांच्या वेतनावर नाव कोरलेले सहसा पाहण्यात येत नाही.

ल्युकेमियाच्या पहिल्या औषधांशीही एका भारतीयाचा संबंध आहे. आंध्रातील भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत लेडर्ले कंपनीत संशोधन करीत होते. त्यांच्या चमूने तयार केलेली संयुगे बॉस्टनचे डॉ. सिडनी फार्बर यांनी १९४७-४८ मध्ये ल्युकेमिया झालेल्या मुलांना दिली आणि काही मुलांत रोग तात्पुरता हटला. त्याच कुळातील मेथोट्रेक्सेट आजही वापरात आहे. दुसरे महत्त्वाचे औषध तर धायरीतल्या जुन्या वाड्यांच्या आणि नव्या सोसायट्यांच्या कुंड्यांतून बारा महिने फुलत असते. सदाफुलीच्या पानांतून व्हिन्क्रिस्टीन हे द्रव्य मिळते. अत्यंत विषारी असलेले हे द्रव्य नेमक्या मात्रेत शिरेतून दिले जाते. (सदाफुलीचा काढा हा त्याला पर्याय नव्हे, असे घरगुती प्रयोग धोक्याचे आहेत.)

मात्र औषधे उपलब्ध असूनही १९८० च्या दशकापर्यंत आपल्याकडे ल्युकेमिया झालेल्या मुलांपैकी फार थोडी वाचत. मुंबईत हे प्रमाण पाचात एक इतकेच होते. प्रत्येक ठिकाणी वेगळी पद्धत, अर्धवट सोडलेले उपचार, संसर्ग अशी कारणे होती. तेव्हा अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील डॉ. इयन मॅग्रॅथ यांच्या सहकार्याने मुंबईचे टाटा रुग्णालय, दिल्लीचे एम्स आणि चेन्नईची कर्करोग संस्था यांनी १९८४ मध्ये एकच उपचारक्रम ठरविला. एमसीपी-८४१ हे त्याचे रूक्ष नाव. कोणते औषध कोणत्या दिवशी, किती मात्रेत, रक्तगणना किती खाली गेली की थांबायचे, हे सर्व लिहून निश्चित केले आणि प्रत्येक मुलाची नोंद ठेवली. एकही नवे औषध शोधलेले नव्हते. तरी पुढील काही वर्षांत निम्म्याहून अधिक मुले वाचू लागली. नोंदवही नीट ठेवल्याने किती जीव वाचतात याचे याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

त्याच रुग्णालयात मार्च १९८३ मध्ये डॉ. सुरेश अडवाणी यांनी देशातील पहिले यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण केले. रुग्ण नऊ वर्षांची मुलगी होती, मज्जा देणारा तिचा भाऊ होता. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे अडवाणी चाकाच्या खुर्चीवरून रुग्णांना तपासत. अमेरिकेतील सिएटल येथे डॉ. डॉनल थॉमस यांच्याकडे, ज्यांना पुढे १९९० मध्ये या कामासाठी नोबेल पारितोषिक मिळाले, ते हे तंत्र शिकून आले होते. प्रत्यारोपणात तीव्र औषधांनी रुग्णाची स्वतःची मज्जा नष्ट करतात आणि निरोगी दात्याच्या मूळ पेशी शिरेतून देतात. त्या पेशी आपण होऊन हाडांत पोहोचतात आणि नवे रक्त घडवू लागतात.

येथे एक प्रश्न आहे, तो या मासिकाच्या वाचकांशी थेट संबंधित आहे. दात्याच्या आणि रुग्णाच्या पेशींवरील एचएलए नावाच्या खुणा जुळाव्या लागतात. या खुणा अर्ध्या आईकडून, अर्ध्या वडिलांकडून येतात; म्हणून एका सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळणी होण्याची शक्यता चारात एक. पूर्वी घरात पाच-सहा भावंडे असत, आता एक किंवा दोन. अर्धी जुळणी असलेल्या आईवडिलांच्या किंवा भावंडांच्या पेशी वापरण्याचे तंत्र अलीकडे सुधारले आहे. तरी पूर्ण जुळणारा परका दाता मिळाला तर डॉक्टर आजही त्याचा विचार करतात. असा दाता समान वंशपरंपरेच्या लोकांत मिळण्याचा संभव अधिक असतो. ओसवाल, पोरवाल, सैतवाल, चतुर्थ, पंचम असे आपले समूह पिढ्यानपिढ्या आपसांत विवाह करीत आले. तेव्हा आपल्या समाजातील रुग्णाला जुळणारा दाता आपल्या समाजातच असण्याची शक्यता मोठी, परंतु तो नोंदवहीत असला तर! महावीर जयंतीला आपल्याकडे रक्तदानाची शिबिरे उत्साहाने होतात. चेन्नईत २००९ मध्ये स्थापन झालेल्या ‘दात्री’सारख्या नोंदणी संस्थांकडे नाव देणे त्याहून सोपे आहे. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून नमुना घेतात, बस. जुळणी झालीच तर दात्याला चार-पाच दिवस इंजेक्शने देऊन मूळ पेशी रक्तात आणतात आणि रक्तातील प्लेटलेट काढतात तशाच यंत्राने काही तासांत त्या वेगळ्या करतात. हाड कापावे लागते, माणूस कायमचा अशक्त होतो, या समजुती निराधार आहेत. नोंदणी करून ऐनवेळी घरच्यांच्या भीतीपोटी माघार घेणे ही मात्र गंभीर गोष्ट आहे. तोवर तिकडे रुग्णाची मज्जा नष्ट करण्याची तयारी सुरू झालेली असू शकते.

औषधाच्या किमतीचा सर्वांत स्पष्ट हिशेब क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या प्रकारात दिसतो. त्याला कारणीभूत असलेला गुणसूत्रांतील दोष १९६० मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे सापडला. त्या दोषावरच नेमके काम करणारी इमॅटिनिब ही गोळी २००१ मध्ये तिकडे मान्य झाली. त्यापूर्वी या रोगाचे रुग्ण सरासरी चार-पाच वर्षे जगत. रोज एक गोळी घेऊन आता बहुतेकांचे आयुष्य जवळपास इतरांइतके झाले. पण नोव्हार्टिस कंपनीच्या गोळीचा महिन्याचा खर्च सुमारे १,२०,००० रुपये होता. भारतीय कंपन्यांची तीच गोळी ८,००० ते १०,००० रुपयांत मिळे. वर्षाचा हिशेब मांडला तर एकीकडे १४ लाख ४० हजार, दुसरीकडे लाख-सव्वा लाख, आणि औषध जन्मभराचे. कंपनीने भारतात पेटंट मागितले तेव्हा मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन या संस्थेने हरकत घेतली. २००६ मध्ये चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने अर्ज फेटाळला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्या. आफताब आलम आणि मुंबईच्या न्या. रंजना देसाई यांच्या खंडपीठाने १ एप्रिल २०१३ रोजी कंपनीचे अपील फेटाळले. जुन्याच द्रव्याच्या नव्या रूपाला, गुणकारितेत वाढ सिद्ध झाल्याखेरीज, पेटंट देता येणार नाही, असा निर्णय झाला. कंपनीच्या बाजूनेही एक गोष्ट नोंदवली पाहिजे. भारतातील हजारो रुग्णांना ती आपले औषध विनामूल्य देत होती. परंतु विनामूल्य मिळणे हे देणाऱ्याच्या इच्छेवर अवलंबून असते, परवडणारी किंमत तशी नसते.

आता अलीकडच्या, आणि खारघरची वाट धरणाऱ्या कुटुंबांच्या दृष्टीने सर्वांत जवळच्या उपचाराकडे यावयाचे. त्याची सुरुवात पुण्यातून सांगता येते. कमल समर्थ यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात झाला. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवीत. मुलगी हुजूरपागेत आणि मग फर्ग्युसनमध्ये शिकली. एमएस्सीसाठी तिने पुण्याच्या कृषी महाविद्यालयात सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या पेशींचा अभ्यास केला. विवाहानंतर त्या कमल रणदिवे झाल्या आणि मुंबईत डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये पीएचडी झाल्या. पुढे अमेरिकेत बाल्टिमोर येथे जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी पेशी शरीराबाहेर काचपात्रात जिवंत ठेवण्याचे आणि वाढविण्याचे तंत्र आत्मसात केले. तेथेच राहणे शक्य असताना त्या परतल्या आणि मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये त्यांनी देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. ल्युकेमिया, स्तनाचा आणि अन्ननलिकेचा कर्करोग यांवर त्यांनी काम केले. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. निवृत्तीनंतर अकोले तालुक्यातील राजूर भागात आदिवासी मुलांच्या पोषणासाठी त्या झटत राहिल्या. त्यांची ती संशोधन संस्था पुढे टाटा मेमोरियल सेंटरमध्ये विलीन झाली आणि खारघरला नव्या जागेत गेली. तिचेच आजचे नाव अ‍ॅक्ट्रेक.

याच अ‍ॅक्ट्रेकमध्ये ४ जून २०२१ रोजी देशात घडविलेली पहिली कार-टी पेशी-चिकित्सा रुग्णाला देण्यात आली. तिचे तत्त्व असे. आपल्या रक्तातील टी-पेशी परक्या शत्रूला ओळखून मारतात. कर्करोगाची पेशी मात्र आपलीच असल्याने तिला त्या ओळखत नाहीत. म्हणून रुग्णाच्याच टी-पेशी यंत्राने वेगळ्या करून प्रयोगशाळेत नेतात. निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या वाहनातून त्यांत एक नवा जनुक सोडतात. त्यामुळे टी-पेशीच्या पृष्ठभागावर असा ग्राहक उगवतो, जो बी-पेशीवरील सीडी-१९ ही खूण पाहताच तिला चिकटतो. मग या सुधारित पेशी कोट्यवधींच्या संख्येने वाढवून, गोठवून, रुग्णालयात परत पाठवितात. रुग्णाच्या निरोगी बी-पेशीही यात मरतात, तेवढी किंमत मोजावी लागते.

कल्पना इस्रायलमधील झेलिग एशार यांची, ती रुग्णांपर्यंत पोहोचविली अमेरिकेतील कार्ल जून यांच्या गटाने. तिकडे २०१७ मध्ये पहिल्या उपचाराला मान्यता मिळाली तेव्हा किंमत होती ४,७५,००० डॉलर; आजच्या दराने चार कोटी रुपयांच्या आसपास. धायरीत एवढ्या रकमेत किती सदनिका येतात, हे वाचकांनीच मोजावे. डॉ. राहुल पुरवार २०१३ मध्ये अमेरिकेतून परतून मुंबईच्या आयआयटीत रुजू झाले. पवईच्या त्यांच्या प्रयोगशाळेत तरुण संशोधकांनी विषाणूचे वाहन आयात न करता येथेच बनविले, ग्राहकाची रचना माणसाच्या प्रथिनाशी अधिक मिळतीजुळती केली. टाटा रुग्णालयातर्फे डॉ. हसमुख जैन आणि डॉ. गौरव नरुला यांनी रुग्णांवरील चाचण्यांची धुरा सांभाळली. पैसा मुख्यतः सार्वजनिक होता. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या बायरॅक संस्थेने साहाय्य केले. ऑक्टोबर २०२३ मध्ये या उपचाराला, नेक्सकार-१९ ला, केंद्रीय औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली. ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी पवईत तो राष्ट्राला अर्पण केला. किंमत तीस ते चाळीस लाख रुपये, म्हणजे परदेशाच्या सुमारे एक दशांश.

यश किती, हे तारतम्याने सांगितले पाहिजे. हा उपचार प्रत्येक रक्तकर्करोगावर नाही. बी-पेशींच्या ठरावीक ल्युकेमिया आणि लिम्फोमात, तोही नेहमीचे उपचार निष्फळ ठरल्यावर किंवा रोग उलटल्यावर देतात. ६४ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष २०२५ मध्ये ‘लॅन्सेट हेमॅटॉलॉजी’त प्रसिद्ध झाले. परिणाम मोजता आलेल्या रुग्णांपैकी सुमारे ७३ टक्क्यांत रोगाने प्रतिसाद दिला. प्रतिसाद म्हणजे कायमची मुक्ती नव्हे. काहींत रोग पुन्हा आला. उपचारामुळे होणारा तीव्र दाह, रक्तगणना खालावणे, संसर्ग हे धोके आहेत आणि उपचाराशी निगडित मृत्यूही नोंदले गेले आहेत. हे सर्व डॉक्टरांना विचारण्यात संकोच बाळगू नये. आणि चाळीस लाख ही रक्कम चार कोटींच्या शेजारी लहान दिसते, तरी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचे पाच लाखांचे संरक्षण तिच्यापुढे अपुरेच आहे. उरलेले पस्तीस लाख कोठून येणार, या प्रश्नावर समाजाच्या न्यासांनी बैठकीत अर्धा तास जरी खर्च केला, तरी काही घरे विकायची वाचतील.

खारघरला पोहोचलेल्या कुटुंबाला आधी रुग्णाच्या पेशी देऊन काही आठवडे वाट पाहावी लागते. तोवर रोग बळावू नये म्हणून औषधे चालू असतात. मग तो दिवस येतो. गोठविलेली छोटी पिशवी कोमट पाण्यात वितळवितात, सलाइनसारखी लावतात आणि काही मिनिटांत ती रिकामी होते. शस्त्रक्रियागृहाच्या दारावरील लाल दिव्याच्या अपेक्षेने आलेल्या नातलगांना हे पाहून क्षणभर विश्वासच बसत नाही. त्यानंतर दोन आठवडे ताप, रक्तदाब, बोलण्यातील गोंधळ यांवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवतात. रुग्णाला रोज एकच वाक्य लिहावयास सांगून अक्षर बिघडते का, हेही पाहतात. महिन्याभराने पुन्हा तपासणी होते. त्या तारखेचा कागद फाईलमध्ये सर्वांत वर ठेवून मंडळी परतीच्या गाडीत बसतात.